वात किती वर घ्यावी?



परवा फुलंब्री तालुक्यातील एका गावी ठिबक पाहण्यास गेलो होतो. ओसरीवर चहा घेताना घरधनी म्हणाले, "साहेब, पोरीचा लॅपटॉप गेला बघा. पडदा काळा पडलाय. दुकानदार म्हणतो, नवा बसवावा लागंल. आता मक्याच्या पैशातून काढतो." शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत दोन दिवसांवर, पोर रडकुंडीला आलेली.

मी पडद्यावर बॅटरी धरली, तर आत अंधुक अक्षरे दिसली! यंत्र चालू होते, फक्त उजेड तळाला गेला होता. सूर्याचे चित्र असलेली कळ चार-सहा वेळा दाबली आणि पडदा लख्ख झाला. मक्याचे पैसे वाचले.

ही कळ बहुतेक लॅपटॉपवर सर्वांत वरच्या ओळीत असते. लहान सूर्य उजेड कमी करतो, मोठा सूर्य वाढवतो. नुसत्या कळीने काम झाले नाही, तर खाली डाव्या कोपऱ्यातील 'एफएन' कळ दाबून धरावी व मग ती दाबावी. विंडोज असेल तर पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यातील बॅटरीच्या चित्रावर टिचकी मारली की उजेडाची पट्टी मिळते. चार्जिंग उतरले की बचतीसाठी पडदा आपोआपही मंद होतो. तो बिघाड समजू नये. मात्र उजेड पूर्ण वाढवूनही बॅटरीशिवाय काही दिसत नसेल, तरच कारागिराकडे जावे.

उजेड किती ठेवावा? कंदिलाची वात आठवा. फार वर घेतली तर तेल जळते, फार खाली घेतली तर डोळे ताणतात. पडद्याशेजारी पांढरा कागद धरा. पडदा दिव्यासारखा झगझगला तर उजेड कमी करा, कागदाहून मळकट दिसला तर वाढवा. वीज गेल्यावर वात थोडी खाली घेतली की बॅटरी जास्त वेळ पुरते. मुलांनी दर २० मिनिटांनी २० सेकंद दूरच्या झाडाकडे पाहावे.

शेतात मात्र उलट. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद आपणच मोबाईलवर करू लागलो. भर उन्हात पडदा दिसत नाही, अंदाजाने बोट पडते आणि कपाशीच्या जागी तूर नोंदली जाते. पुढे नुकसानभरपाई किंवा हमीभावाच्या खरेदीवेळी तीच चूक आडवी येते. म्हणून सकाळी लवकर जावे, उन्हाकडे पाठ करून पडद्यावर स्वतःची सावली पाडावी, उजेड पूर्ण वाढवावा, नोंद एकदा वाचूनच पाठवावी. काम झाले की वात पुन्हा खाली.

घरात ज्याला हे जमते, त्याने आजच आईवडिलांना ती कळ दाखवून ठेवावी. खर्च काहीच नाही.