गाडी घ्यावी रस्त्याला विचारून

वार्षिक अंकासाठी विषय काय घेतलास, असे संपादक मंडळाच्या सरांनी विचारले तेव्हा मी भीत भीत म्हणालो, "सर, मोटरसायकल." सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "म्हणजे प्रवासवर्णन का?" म्हटले, "नाही सर. मोटरसायकल कोणती घ्यावी, यावर." शेजारच्या खुर्चीवरच्या प्राध्यापकांनी हजेरीपट तोंडापुढे धरून हसू लपवले. कला शाखेच्या तृतीय वर्षातल्या मुलाने कवितेवर लिहावे, बेकारीवर लिहावे, फारच झाले तर परीक्षापद्धतीवर लिहावे. गाड्यांवर लिहायला गॅरेजवाले आहेत!

पण मला हा विषय पोरकट वाटत नाही. सकाळी आपल्या कॉलेजच्या फाटकाशी पाच मिनिटे उभे राहून पाहा. आपल्यापैकी निम्म्या मुलांच्या घरची सर्वांत मोठी खरेदी तिथे स्टँडवर उभी असते. कुणाची उसाच्या बिलावर आलेली, कुणाची कर्ज काढून, कुणाची बहिणीच्या लग्नासाठी साठवलेल्या पैशांतून. आणि कधी कधी वर्गातला एखादा बाक तिच्यामुळेच कायमचा रिकामा होतो. ज्या वस्तूवर घरचा पैसा आणि आपला जीव दोन्ही लावायचे, ती निवडताना आपण विचार किती करतो? मी केला नव्हता. म्हणून हा लेख.

आमचे गाव गगनबावडा तालुक्यात. कोल्हापूरहून कळे, साळवण मागे टाकले की मुख्य रस्ता सोडून आत वळायचे. शेवटचे चार किलोमीटर म्हणजे तांबडी माती, जांभ्याचे दगड आणि मध्ये एक ओढा. पावसाळ्यात हा ओढा दिवसातून तीनदा स्वभाव बदलतो. अशा गावच्या मुलाने बारावी झाल्यावर कोणती गाडी मागावी? मी शर्यतीच्या तोंडवळ्याची, दीडशे सी.सी.ची स्पोर्ट्स बाईक मागितली. अकरावीपासून तिची चित्रे वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवलेली होती. आबांनी काही न बोलता उसाचे बिल मोडले आणि जुनी, पण चकचकीत गाडी दारात उभी राहिली.

आईने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि मागच्या सीटकडे बोट दाखवून विचारले, "ह्यो पाट मांडलाय व्हय रं? आन् त्योबी आभाळात!" आम्ही सगळे हसलो. त्या प्रश्नात किती अर्थ होता, हे समजायला मला पुढे वर्ष लागले.

त्या गाडीची निंदा मी करणार नाही. तिने मला पुष्कळ शिकवले. वळणावर नजर जिथे जाते तिथेच गाडी जाते, म्हणून खड्ड्याकडे पाहू नये, वाटेकडे पाहावे. ब्रेक वळणाच्या आधी लावावा, वळणात नव्हे. वेग दुप्पट झाला तर थांबायला अंतर दुप्पट नव्हे, चौपट लागते. हा शेवटचा धडा शाळेत भौतिकशास्त्रात वाचला होता. पण रात्री दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर आली, तेव्हा तो अंगात भिनला. स्पोर्ट्स बाईकचे खरे घर चेन्नईजवळच्या किंवा ग्रेटर नॉयडाच्या शर्यतीच्या मार्गावर आहे. तिथे समोरून म्हैस येत नाही. रस्ता आरशासारखा, वळण ठाऊक, सगळे एकाच दिशेने चाललेले. तिथे ते खाली वाकलेले हँडल, मागे ओढलेले फुटरेस्ट, टाकीला टेकलेली छाती या सगळ्याला अर्थ आहे. वारा चिरण्यासाठी ते केलेले आहे. पण कळ्याच्या बाजारपेठेतून ताशी वीसच्या वेगाने जाताना चिरायला वारा नसतो. असते ते फक्त मनगटावर आलेले अंगाचे ओझे.

आता ती रात्र सांगतो. गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मी शनिवारचा गावी गेलो होतो. आबा पाहुण्यांकडे. रात्री दहाच्या सुमारास आई तापाने फणफणली, उभी राहीना. फोनला रेंज नाही. मी गाडी काढली. पण आईला बसवायचे कुठे? त्या आभाळातल्या पाटावर ती चढू शकेना, आणि चढवली असती तर धरायला काही नव्हते. शेवटी शेजारचे तात्या आपली पंधरा वर्षांची शंभर सी.सी. गाडी घेऊन आले. आईला मागे बसवले, शालीने आपल्या कमरेशी बांधले आणि म्हणाले, "तू ये मागनं. सावकाश." मी मागून निघालो. ओढ्याच्या चढावर माझ्या पुढच्या चाकात आणि त्याला चिकटून बसलेल्या मडगार्डमध्ये तांबडा चिखल असा गच्च भरला, की चाक फिरेनासे झाले. तात्यांच्या गाडीचा लाल दिवा वळणाआड गेला आणि मी पावसात काटकीने चिखल उकरत बसलो. आई बरी झाली. दवाखान्यात ती वेळेवर पोचली, पण पोचवणारा मी नव्हतो. घरातली सर्वांत महाग वस्तू त्या रात्री ओढ्यात उभी होती.

त्यानंतर मी गाड्यांकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहू लागलो. ज्यांना हल्ली 'ॲडव्हेंचर' म्हणतात, त्या उंच, लांबट, तोंडाने उंटासारख्या दिसणाऱ्या गाड्यांची मी पूर्वी टिंगल करीत असे. आता त्यांचा अभ्यास सुरू केला. (हा अभ्यास विद्यापीठाच्या अभ्यासापेक्षा मन लावून केला, हे सरांची क्षमा मागून कबूल करतो.)

या गाड्यांचा इतिहास फार जुना नाही. १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून निघालेली पहिली पॅरिस-डाकार शर्यत सहारा ओलांडून गेली आणि मोटरसायकलींत सिरिल नेव्हू याने ती यामाहाच्या एक्स.टी. ५०० वर जिंकली. १९८० मध्ये बी.एम.डब्ल्यू.ने आर ८० जी/एस ही गाडी काढली. त्या दोन अक्षरांतला 'जी' म्हणजे जर्मन भाषेतले 'गेलेंडे', रानमाळ. आणि 'एस' म्हणजे 'श्ट्रासे', रस्ता. दोहोंमध्ये एक तिरकी रेघ. मला ती तिरकी रेघ फार आवडली. आमच्या गावाकडे वळणारा फाटा म्हणजे तीच रेघ आहे! आपल्याकडे २०१६ साली रॉयल एन्फिल्डची हिमालयन आली, २०१९ साली हीरोची एक्सपल्स २०० आली, २०२० साली के.टी.एम.ची ३९० ॲडव्हेंचर आली, आणि ही शेवटची तर आपल्या चाकणची. मधल्या काळात, २०१५ साली, सी. एस. संतोष हा डाकार शर्यत पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला होता.

फरक नुसत्या दिसण्यात नाही. एक उदाहरण देतो. के.टी.एम.ची आर.सी. ३९० ही स्पोर्ट्स बाईक ३७३ सी.सी.ची, शक्ती सुमारे ४३ अश्वशक्ती. पहिली हिमालयन ४११ सी.सी.ची, शक्ती फक्त २४ च्या आसपास. आकडे वाचून मित्र म्हणाले, "ही गाडी का बैलगाडी?" पण शक्तीचा आकडा वाचून पुढचा आकडा न वाचणे म्हणजे निकालपत्रावरची श्रेणी पाहून मुलगा ओळखण्यासारखे आहे. चाक फिरवण्याची ओढ, जिला टॉर्क म्हणतात, ती आर.सी.ची सुमारे ३५ न्यूटन-मीटर आणि हिमालयनची ३२. म्हणजे जवळपास सारखीच! मात्र आर.सी.ला ती ओढ पूर्ण मिळायला इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांपर्यंत पळवावे लागते, हिमालयनला ती चार-साडेचार हजारांतच मिळते. चिखलाच्या चढावर सात हजार फेऱ्या करून पाहा. चाक जागीच फिरेल आणि मागच्याला आंघोळ घडेल. तिथे घोड्याची दौड कामाची नाही, बैलाची ओढ हवी.

तसेच चाकाचे. स्पोर्ट्स बाईकचे पुढचे चाक बहुधा सतरा इंची, या गाड्यांत पुष्कळदा एकवीस इंची आणि तारांचे. मोठे चाक खड्ड्यात कमी बुडते आणि दगडावर लवकर चढते. बैलगाडीची चाके एवढी मोठी का, हे आपल्या सुतारांना कधीच कळले होते. मडगार्ड चाकापासून उंच, म्हणजे चिखलाला वाट आहे. शॉकअपची हालचाल लांब. आणि हँडल असे, की फुटरेस्टवर उभे राहून गाडी चालवता येते. उभे राहिले की गुडघे हेच शॉकअप होतात. गाडी खाली उड्या मारते, माणूस वर स्थिर राहतो. मागची सीट रुंद, सपाट, हाताशी धरायला दांडा. आईच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे सापडले.

मात्र इथेच एक धोक्याची सूचना. ॲडव्हेंचर गाडी हाही एक पोशाख होऊ शकतो, आणि होतो आहे. ॲल्युमिनियमच्या पेट्या, चार जादा दिवे, लडाखचे स्टिकर, आणि गाडीची मजल रंकाळ्यापासून भवानी मंडपापर्यंत! स्पोर्ट्स बाईकवाला स्वतःला शर्यतवीर समजतो, हा स्वतःला प्रवासी समजतो. दोघांनीही गाडी आरशाला विचारून घेतलेली असते. शिवाय या गाड्या जड आणि उंच. दोनशे किलोच्या घरातली गाडी दुकानाच्या फरशीवर रुबाबदार दिसते. ओढ्यात आडवी झाली की ती उचलायला चार माणसे लागतात, आणि आमच्या ओढ्याशी रात्री चार माणसे नसतात.

आमच्या संस्कृतच्या सरांशी बोलताना एक गंमत कळली. 'ॲडव्हेंचर'ला आपण 'साहस' म्हणतो आणि शाबासकी देतो. पण आपल्या स्मृतिग्रंथांत साहस हा गुन्हा आहे! बळजोरीने, उघडपणे केलेल्या कृत्याला तिथे साहस म्हटले आहे. दंडाच्या तीन पायऱ्यांनाही तेच नाव आहे. मनुस्मृतीत प्रथम साहस २५० पण, मध्यम ५०० आणि उत्तम १०००. मी मनाशी म्हटले, घाटात आंधळ्या वळणावर एस.टी.ला ओलांडणारे आपण सगळे या जुन्या अर्थाने खरे साहसी आहोत. दंड तेवढा वसूल व्हायचा राहिला आहे.

मग मी काय केले? स्पोर्ट्स बाईक विकली. विकताना घशात आवंढा आला, खोटे कशाला बोलू? भर घालून एक जुनी एक्सपल्स घेतली. दोनशे सी.सी., अठरा-एक अश्वशक्ती, वजन दीडशे किलोंच्या थोडे वर. महामार्गावर ऐंशी-नव्वदच्या पुढे जायला ती कुरकुरते आणि सिग्नलवर मित्र मला मागे टाकून हात हलवतात. पहिले काही दिवस या गोष्टीचा राग यायचा. घेण्यापूर्वी मात्र मी एकच परीक्षा घेतली होती. मालकाच्या परवानगीने गाडी त्याच्या परड्यात हळूच आडवी केली आणि एकट्याने उचलून पाहिली. दुसऱ्या प्रयत्नात उठली. माझ्या मते ही परीक्षा प्रत्येकाने घ्यावी. जी आपल्याला एकट्याने उचलत नाही ती आपली गाडी नव्हे.

येथे चाणाक्ष वाचक मला अडवतील. "अरे, त्या रात्री कामाला आली ती तात्यांची साधी शंभर सी.सी. मग तीच का नाही घेतलीस?" हा प्रश्न मला तात्यांनीही विचारला. याला माझ्याजवळ पूर्ण प्रामाणिक असे एकच उत्तर आहे. आपल्यातल्या बहुतेकांनी तीच घ्यावी. जिचा रस्ता घर ते कॉलेज डांबरी आहे, तिला एकवीस इंची चाक म्हणजे खर्चच. तात्यांची गाडी त्या रात्री पार झाली ती गाडीमुळे थोडी आणि तात्यांच्या पंचवीस वर्षांच्या हातामुळे जास्त. ते हात माझ्याजवळ नाहीत, म्हणून मला यंत्राची थोडी मदत हवी होती. आणि दुसरे असे, की मला गाडी चालवणे आवडते. आवड ही काही गुन्हा नाही. फक्त आवडीचा हिशेब आपल्या खात्यावर मांडावा, आईच्या नव्हे.

म्हणून वर्गमित्रांना एवढेच सांगणे आहे. गाडी घेण्याआधी आठ दिवस एक कागद खिशात ठेवा. रोज कोणत्या रस्त्याने गेलात, खड्डे किती, डांबर कुठे संपले, मागे कोण बसले, कोण बसू शकले नाही, हे लिहा. आठव्या दिवशी तो कागद घेऊन दुकानात जा. मग स्पोर्ट्स बाईक निघाली तर खुशाल स्पोर्ट्स बाईक घ्या, पण हेल्मेटसह. आणि मागे बसणाऱ्यासाठीही एक.

परवा दिवाळीच्या सुट्टीत आईला घेऊन गगनबावड्याला गेलो. करूळ घाटाच्या तोंडाशी थांबलो. खाली कोकण धुक्यात बुडाले होते. आई गाडीवरून आपली आपण उतरली, लुगडे सारखे केले, सीटवर हात फिरवला आणि म्हणाली, "ह्यो पाट बरा हाय."

गेल्या वर्षभरात मला मिळालेले हे एकमेव प्रशस्तिपत्र. ते मी जपून ठेवले आहे.