टाकी लावणाऱ्या बाईला शिल्पकार कोण म्हणतं?

निलंग्याचं नीलकंठेश्वर मंदिर पाहा, नाही तर देगलूर तालुक्यातल्या होट्टलची मंदिरं पाहा. दगडात घडवलेल्या सुरसुंदरी दिसतात. 1896 साली गणपतराव म्हात्रे यांना विद्यार्थी असतानाच नाव मिळवून देणारं शिल्पही बाईचंच, ‘मंदिरपथगामिनी’. शिल्पात बाई भरपूर आहे. शिल्प घडवणाऱ्यांत मात्र ती शोधावी लागते. असं का, हा प्रश्न मला कलेचा वाटत नाही, आपल्या चळवळीचा वाटतो.

नांदेड-लातूर भागात बचत गटांच्या बैठकांना जाते तेव्हा मी बायकांच्या हातांकडे बघत असते. चूल थापणारे हे हात, कणगी लिंपणारे, पोळ्याला पोरांसाठी मातीचे बैल करणारे. महालक्ष्म्या उभ्या करताना नुसत्या साडीच्या निऱ्यांतून अख्खी बाई उभी करणारेही हेच हात. आणि एके काळी गल्लीबोळांतून ओरडत जाणारी, जात्या-पाट्याला टाकी लावून देणारी वडार बाई आठवते ना? तिच्या हातात छिन्नी होती, हातोडी होती, दगडाची पारख होती. तिला कुणी शिल्पकार म्हटलं नाही. कुंभाराच्या घरात बाई माती आणते, तुडवते, मळते, भांडी रंगवते. चाकावर मात्र बहुतेक ठिकाणी पुरुषच बसतो. हत्यार आणि नाव पुरुषाकडे, कष्ट बाईकडे. ही वाटणी आपल्या ओळखीची आहे.

मग जी बाई शिल्पकार झाली ती कशी झाली? पिलू पोचखानावाला यांचं उदाहरण घेऊ. जन्म 1923, मुंबई, पारशी कुटुंब. 1945 साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली ती वाणिज्य शाखेची. कलाशाळेत त्या गेल्याच नाहीत. जाहिरातीच्या क्षेत्रात काम करू लागल्या. 1951 साली युरोपात जाणं झालं, तिथली आधुनिक शिल्पं पाहिली आणि आपणही हे करावं असं त्यांच्या मनानं घेतलं. तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. परत आल्यावर शिल्पकार ना. ग. पानसरे यांच्याकडून धडे घेतले, बाकी स्वतःच चुकतमाकत शिकल्या. पुढे लोखंडाचं भंगार जोडून, धातू ओतून त्यांनी शिल्पं केली. हाजी अलीच्या चौकात त्यांचं ‘स्पार्क’ अनेक वर्षं उभं होतं. मुंबईतल्या सर कावसजी जहांगीर सभागृहाचं आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात रूपांतर व्हावं म्हणून त्या झटल्या. 1986 साली त्या गेल्या. ते संग्रहालय उघडलं 1996 साली.

कुणी म्हणेल, त्या शहरातल्या, सुखवस्तू घरातल्या. आमच्या उदगीरच्या, मुखेडच्या बाईला त्यांचं काय? हे खरंच आहे, आणि म्हणूनच त्यांच्याकडे काय काय होतं याची यादी करायला हवी. पदवीपर्यंत शिक्षण होतं. स्वतःची कमाई होती. घराबाहेर, देशाबाहेर जाऊन बघण्याची मुभा होती. शिकवायला तयार असणारा गुरू होता. पसारा मांडायला जागा होती आणि तो रात्री आवरून ठेवायची सक्ती नव्हती. यातली एकही गोष्ट ‘दैवी देणगी’ नाही. प्रत्येक गोष्ट मागता येते, मिळवता येते. ज्याला आपण प्रतिभा म्हणतो तिचा बराचसा भाग असा जागा आणि वेळ यांचा बनलेला असतो.

आणखी एक गोष्ट. अठ्ठाविसाव्या वर्षी आपल्याकडे बाईला काय ऐकवतात? ‘आता काय शिकतेस, आता पोरांचं बघ.’ पिलूताईंची सुरुवातच तिथून झाली. वयाचं कारण काढून बाईचे दरवाजे बंद करायची ही जुनी रीत आपण ओळखली पाहिजे.

दुसरं नाव मृणालिनी मुखर्जी यांचं. 1949 साली मुंबईत जन्मलेल्या. आई लीला मुखर्जी लाकूड कोरून शिल्पं करीत. म्हणजे पटाशी बाईच्याही हातात असते हे या मुलीला कुणी वेगळं सांगावं लागलं नाही. बडोद्यात त्या के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिकल्या आणि तागाच्या दोऱ्यांना गाठी मारमारून माणसापेक्षा उंच शिल्पं उभी केली. गाठी मारणं म्हणजे शिंकं विणणं, बैलाचं मुसकं करणं, हे तर आपल्या घरातलं काम! त्यामुळेच ‘ही शिल्पकला की हस्तकला?’ असा प्रश्न त्यांच्या कामाला लावला गेला. बाई जे करते ते हस्तकला, पुरुष करतो ती कला. 2019 साली न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. त्या 2015 सालीच वारल्या होत्या.

आता आपल्याकडे या. ‘लातूर पॅटर्न’चा गाजावाजा आपण सगळ्यांनी ऐकलाय. हुशार मुलीनं डॉक्टर, इंजिनिअर व्हायचं. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षा ती देते, कारण दहावीला वाढीव गुण मिळतात. त्या परीक्षांत चित्र आहे, संकल्पचित्र आहे, भूमिती आहे, मातीकाम नाही. शिल्पकला शिकायला मुंबईच्या ज. जी. मध्ये मुलीला पाठवायचं तर वसतिगृहाचा खर्च आणि आईबापाची धास्ती आडवी येते.

पण बायकांना दगडामातीचं काम जमत नाही असं कुणी सांगू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या. भिंत कशी बांधायची, पट्टा कुठे द्यायचा हे त्यांनी समजून घेतलं आणि गावाला समजावलं. संधी दिली गेली, म्हणून हे झालं.

म्हणून माझी सूचना साधी आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. दरवर्षी त्यातून शिलाई मशीनच का? एका वर्षी चार पोती माती, एक पत्र्याची शेड आणि आठवड्यातून एकदा शिकवायला येणारं माणूस मागू या. चाक मागू या, आणि त्यावर मुलींना बसवू या. टाकी लावणाऱ्या म्हाताऱ्या बाया अजून आहेत, त्यांना मानधन देऊन शिकवायला बोलावू या. चौकात पुतळा बसवायचं ठरतं तेव्हा सभेत उठून विचारू या, हे काम एखाद्या बाईला का देत नाही?

अन्न, पाणी, रोजगार हमी, मारहाण, हे प्रश्न सोडून मातीचे बैल काय करत बसायचं, असंही कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. पोटाच्या प्रश्नासाठी लढणाऱ्या बाईलाही मनाजोगतं काही घडवायचा हक्क आहे, आणि तो तिनं सगळे लढे संपेपर्यंत पुढे ढकलावा असं म्हणणं अन्यायाचं आहे. तुमच्या गावात असं काही सुरू झालं, किंवा मागितलं आणि नाकारलं गेलं, तर या अंकाकडे जरूर लिहून पाठवा.