पासपोर्ट पाहून पगार : आखातातील भरती आणि नवी उतरंड

आखाती देशांतल्या नोकऱ्यांच्या जाहिरातींत कामाच्या नावाखाली अनेकदा एक ओळ असते : अमुक देशाचेच उमेदवार हवेत. काम तेच, अनुभव तेवढाच, तरी युरोपातून आलेल्याला एक पगार, फिलिपिन्सच्या कामगाराला दुसरा आणि भारतीय, नेपाळी, बांगलादेशी कामगाराला तिसरा. तिथे याचे कुणाला फारसे नवल वाटत नाही. आपल्याकडून जाणारा तरुणही हे गृहीत धरूनच विमानात बसतो. आम्हाला खरी चिंता वाटते ती या गृहीत धरण्याची.

संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविषयक विशेष प्रतिवेदक तेंडाई अच्युमे यांनी २०१९ च्या अखेरीस कतारचा दौरा केला. २०२० मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात कोणत्या देशातून माणूस आला यावर तिथे जणू जातिव्यवस्थाच उभी आहे, अशा अर्थाची नोंद आहे. आपला शब्द जिनिव्हाच्या कागदावर उमटला, तेव्हा त्याचा अर्थ आपणच नीट समजून घ्यायला हवा.

जात हा शब्द का लागू पडतो

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता. पण धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्यामुळे विटाळ होतो, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेतच नसत. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला आणि हे दार उघडण्याची मागणी संपाच्या मागण्यांत असली पाहिजे, असा आग्रह धरला. कौशल्य शिकण्याआधीच माणूस कोणत्या खात्यात जाणार हे जन्माने ठरत होते. त्यामुळे कामांचेच नव्हे, तर कामगारांचेही कप्पे पडत होते.

आखातात आडनावाची जागा पासपोर्टने घेतली आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पात्रता सारखी असूनही दलित आडनावाच्या अर्जदारांना खासगी कंपन्यांकडून कमी बोलावणी आल्याचे दिसले होते. माणसाचे काम पाहण्याआधी त्याच्यावर शिक्का पाहायचा, ही पद्धत दोन्हीकडे एकच.

एक फरक मात्र आहे. कफाला पद्धतीत कामगाराचा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. मालक सोडला की देशात राहण्याचा आधारच जातो. म्हणून कमी पगाराविरुद्ध तक्रार करणे म्हणजे घरी परतण्याची तयारी ठेवणे.

कायद्यातली फट

आंतरराष्ट्रीय कायदा इथे अपुरा पडतो. १९६५ च्या वंशभेदविरोधी करारात वंश, वर्ण, जन्मकुळ आणि राष्ट्रीय मूळ यांवरून होणारा भेदभाव निषिद्ध आहे. मात्र नागरिक आणि परकीय यांच्यात फरक करण्याची मुभा त्याच करारात आहे. कतारने संयुक्त अरब अमिरातीविरुद्ध नेलेल्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ११ विरुद्ध ६ मतांनी सांगितले की, 'राष्ट्रीय मूळ' या शब्दांत सध्याचे नागरिकत्व येत नाही. म्हणजे 'तुझे मूळ अमुक' म्हणून नाकारणे हा भेदभाव, पण 'तुझा पासपोर्ट अमुक' म्हणून नाकारले तर पळवाट मोकळी.

याच करारातील 'जन्मकुळ' या शब्दात जातही येते, असे करारावर देखरेख करणाऱ्या समितीने २००२ मध्ये स्पष्ट केले. भारत सरकारने मात्र हा अर्थ कधी मानला नाही. दोन्ही ठिकाणी युक्तिवाद एकच असतो : आमचा भेदभाव तुमच्या व्याख्येत बसत नाही.

स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा १९९० चा आंतरराष्ट्रीय करार २००३ पासून अमलात आहे. आखाती देश त्यात नाहीत आणि भारतही नाही. ज्या देशाची लाखो माणसे परदेशात राबतात, त्याने त्यांच्याच हक्कांच्या करारावर सही करू नये, याचा जाब कुणी विचारायचा?

दिल्लीनेच लावलेली किंमत

उतरंड फक्त मालकच रचतात असे नाही. परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी भारत सरकार देशनिहाय किमान संदर्भ वेतन ठरवते. कोविडच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, सरकारने आखाती देशांसाठीचे हे वेतन खाली आणले. अमिराती, कतार, बहारीन आणि ओमानसाठी ते २०० डॉलरवर आले. नोकऱ्या टिकाव्यात हे कारण देण्यात आले. तेलंगणा उच्च न्यायालयात याचिका झाली, कामगार संघटनांनी आवाज उठवला आणि जुलै २०२१ मध्ये ही कपात मागे घेण्यात आली.

कामगार पाठवणारे देश 'आमचा माणूस स्वस्त' म्हणून स्पर्धा करू लागले की पासपोर्टनुसार पगार ठरणारच. फिलिपिन्सने घरकामगारांसाठी ४०० डॉलरचा किमान पगार ठरवला, म्हणजे देश ठाम राहू शकतो. आणि कतारने मार्च २०२१ पासून सर्व देशांच्या कामगारांना, घरकामगारांसह, १,००० रियालचे एकच किमान वेतन लागू केले. राहणे व जेवण मालकाने दिले नाही, तर त्यासाठी आणखी ८०० रियाल. रक्कम तुटपुंजी आहे, पण पासपोर्ट न पाहता वेतन ठरवता येते हे त्यातून सिद्ध झाले. किमान वेतनाच्या वरचे पगार मात्र अजूनही मालकाच्या मर्जीवर आहेत.

आपल्या वस्तीत काय करायचे

दहावी न झालेल्या तरुणाला आखातासह ठरावीक देशांत कामाला जाण्यासाठी सरकारची मंजुरी लागते. शिक्षण अर्धवट सुटलेली मुले कोणत्या वस्त्यांत जास्त आहेत, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. दलालाचा डोळाही त्यांच्यावरच असतो. म्हणून काही गोष्टी प्रत्येक युवक मंडळाला पाठ हव्यात.

भरती एजंटाचा परवाना ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते, आणि त्याची पावती द्यावीच लागते. मंजुरी घेऊन जाणाऱ्याला प्रवासी भारतीय विमा योजनेत १० लाखांचा विमा मिळतो. हप्ता दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये. व्हिजिट व्हिसावर कामाला पाठवणारा एजंट या सगळ्या संरक्षणातून माणसाला बाहेर काढतो. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून अधिक भारतीय गेले. अशा वेळी घरच्यांच्या हाती कराराची प्रत आणि विम्याचा कागद असणे किती मोलाचे असते, ते सांगायला नको.

पण सावधगिरी म्हणजे न्याय नव्हे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याची चर्चा बरीच वर्षे चालू आहे, २०२१ मध्ये त्याचा मसुदाही हरकतींसाठी जाहीर झाला होता. अशा कायद्यावर बोलणाऱ्यांत आपल्या संघटना दिसायला हव्यात. आमच्या मते मागण्या तीन : भरतीचा खर्च कामगाराने नव्हे, मालकाने उचलावा. भारताने १९९० च्या करारावर सही करावी. आणि द्विपक्षीय करारांत समान कामाला समान वेतन हे कलम असावे, पासपोर्ट कोणताही असो.

ही शेवटची मागणी करताना नेपाळी आणि बांगलादेशी कामगारालाही सोबत घ्यावे लागेल. आपल्या पायरीवरून फक्त वरच्या पायरीकडे पाहत राहिलो, तर उतरंड तशीच राहते. हे आपल्याला कुणी वेगळे शिकवायची गरज नाही.