'डेटा उडाला' म्हणे! उडाला की कुठेतरी पडलाय, ते बघितलं का?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण घरपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाचा विषय आहे, म्हणून पूर्ण वाचा.

आपल्या भागातल्या एका कार्यालयाकडे मी माहिती अधिकारात जुन्या मालमत्ता आकारणी नोंदींच्या प्रती मागितल्या होत्या. तिसाव्या दिवशी उत्तर आलं : "डेटा स्थलांतर करताना संगणक चालकाकडून चुकीची कमांड दिली गेल्याने सदर अभिलेख नष्ट झाले आहेत. सबब माहिती देता येत नाही." कार्यालयाचं नाव आज लिहीत नाही, अपील चालू आहे. मूळ नोंदवह्या स्कॅनिंगनंतर गोदामात टाकल्या आणि तिथे पावसाचं पाणी शिरलं. म्हणजे आज स्कॅन हीच नोंद. वारसनोंद, बँकेचं कर्ज, भावाभावांची वाटणी, सगळं त्यावर.

त्या पत्रातले दोन शब्द शेजारी ठेवून वाचा. 'स्थलांतर' आणि 'नष्ट'. अहो, स्थलांतर करताना वस्तू हरवते, नष्ट कशी होते? बिऱ्हाड हलवताना पातेलं सापडत नाही म्हणून ते वितळलं असं कोणी म्हणतं का?

हा सर्व्हर लिनक्सवर चालतो. तिथे फाइल हलवायची कमांड 'एमव्ही' आणि पुसायची 'आरएम'. दोन वेगळ्या गोष्टी. 'एमव्ही' देताना कुठे न्यायचं तेच लिहायचं राहिलं, तर मशीन यादीतलं शेवटचं नाव हेच ठिकाण समजतं. ते नाव फोल्डरचं असलं की हजारो फाइली मुकाट त्यात जाऊन बसतात. ठिकाणाच्या नावात एखादं अक्षर चुकलं तर अख्खा फोल्डर त्या चुकीच्या नावाने उभा राहतो. आणि सगळ्यात मजेशीर प्रकार म्हणजे नवीन डिस्क जोडायच्या आधीच तिच्यासाठी केलेल्या रिकाम्या फोल्डरात फाइली टाकायच्या आणि मग डिस्क जोडायची. डिस्क त्या फोल्डरवर झाकणासारखी बसते. फाइली खाली जशाच्या तशा, पण दिसत नाहीत. डिस्क सोडवली की पुन्हा हजर! हे कोणी तपासलं का?

शोधायला रॉकेट लागत नाही. दिलेल्या कमांडची यादी 'हिस्टरी'त राहते, ती बघायची. 'फाइंड' कमांडला नाव द्या, नाहीतर "या तारखेनंतर काय काय हललं ते दाखव" म्हणा, पूर्ण डिस्क धुंडाळून देतं. जाणत्या माणसाचं काही तासांचं काम.

खरंच नुकसान होतंच नाही असं मी म्हणत नाही. वॉर्ड एकची '००१' आणि नंतर वॉर्ड दोनची '००१' एकाच फोल्डरात आणली, तर दुसरी पहिलीच्या जागी बसते, मशीन विचारतही नाही. आणि 'आरएम'ने पुसलेलं कचरापेटीत जात नाही. तरी साध्या हार्ड डिस्कवर आधी फक्त नाव जातं, मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत राहतो. 'फोटोरेक'सारखी फुकट मिळणारी साधनं त्यातून बरंच काढतात. अट एकच, मशीनला त्या क्षणापासून हात लावायचा नाही. आमच्याकडे? दुसऱ्या दिवसापासून त्याच सर्व्हरवर नवीन स्कॅनिंग जोरात सुरू. चोरी झालेल्या घराला पंचनाम्याआधीच रंग मारला!

आणि बळी कोणाचा? कंत्राटी पोराचा. त्याला नोटीस. बॅकअप घेतला का, हे ज्यांनी विचारायचं होतं ते साहेब खुर्चीत.

यावर एक खरी घटना सांगतो. ३१ जानेवारी २०१७. गिटलॅब ही जगभरातल्या प्रोग्रामरांचं काम सांभाळणारी कंपनी. रात्री दमलेल्या इंजिनिअरने समजून-उमजून पुसायची कमांड दिली, पण दुसऱ्याच सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, तोवर सुमारे ३०० जीबीमधले ४.५ जीबी उरले होते. बॅकअप बघायला गेले तर एकही कामाचा नाही. रोजचा बॅकअप कधीपासून फसत होता आणि तसं सांगणारे ईमेल पोचतच नव्हते. वाचवलं ते सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी सहज काढलेल्या एका प्रतीने. सहा तासांचं काम गेलं ते गेलंच. पण त्यांनी दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, काय चुकलं ते ओळीओळीने प्रसिद्ध केलं. त्या इंजिनिअरचं नाव अहवालात टाकलं नाही, दोष बॅकअप न तपासणाऱ्या व्यवस्थेला दिला. ही खासगी कंपनी. आणि जनतेच्या पैशावर चालणारं कार्यालय दोन ओळींत गुंडाळतं.

कायद्यातही ही पळवाट नाही. एकेकाळी उपलब्ध असलेली माहिती नुसतं "सापडत नाही" म्हणून नाकारता येत नाही, कसून शोध घ्यावा लागतो, गरज पडली तर चौकशी करून जबाबदारी ठरवावी लागते, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली विश्वास भांबुरकर प्रकरणात स्पष्ट केलंय. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहेच. सरकारी अभिलेख मनाला येईल तसा नष्ट करता येत नाही.

म्हणून पहिल्या अपिलात मी चारच गोष्टी मागितल्यात. नेमकी कमांड कोणती, त्याची छापील प्रत. त्या दिवसानंतर मशीनवर काय काय लिहिलं गेलं. शोध कोणी, कधी, कसा घेतला. आणि स्कॅनिंगच्या ठेकेदाराच्या करारात बॅकअपची अट होती का, असल्यास त्याचं बिल कशाचं काढलं.

तोवर तो सर्व्हर सील करा, असा वेगळा अर्जही दिलाय. पोच माझ्याकडे आहे. तुमच्यापैकी कुणाला असंच पत्र आलं असेल तर त्याचा फोटो मला पाठवा, जावक क्रमांक दिसेल असा. सुनावणीत सगळी एकत्र ठेवतो.