स्क्रिप्ट अडली म्हणून कुलूप काढू नका

जालन्यातला सळईचा कारखाना असो वा बियाणे कंपनी, कार्यालयाचे कामकाज आता सर्व्हरवरच्या शेअर फोल्डरभोवती फिरते. बॅकअप घेणारी स्क्रिप्टही तिथेच असते आणि एक दिवस ती चालेनाशी होते. मग घाईत पॉवरशेलचे स्क्रिप्ट चालवण्याचे धोरण ‘बायपास’ केले जाते, फोल्डरवर ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ दिला जातो. काम सुरू होते, पण दार कायमचे उघडे राहते. अडण्याचे खरे कारण सहसा किरकोळ असते. सर्व्हर नावाऐवजी आयपी पत्त्याने उघडला, तर त्यातल्या टिंबांमुळे विंडोज त्याला इंटरनेटवरची जागा समजते आणि ‘रिमोटसाइन्ड’ धोरण सही नसलेली स्क्रिप्ट थांबवते. तो पत्ता ‘लोकल इंट्रानेट’च्या यादीत घातला की प्रश्न मिटतो. बॅच फाइलची गोष्ट वेगळी. कमांड प्रॉम्प्टला नेटवर्कचा पत्ता चालू फोल्डर म्हणून चालत नाही. ‘पुशडी’ ही आज्ञा त्याला तात्पुरते ड्राइव्हचे अक्षर देते. ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ केल्यावर शेअरला जोडलेला झेड ड्राइव्ह दिसेनासा होतो, कारण ते सत्रच निराळे असते. यातल्या एकाही दोषासाठी सगळ्यांना मोकळीक द्यावी लागत नाही.

जाणकार म्हणतील, पॉवरशेलचे हे धोरण म्हणजे काही सुरक्षेची भिंत नव्हे. खरे आहे; मायक्रोसॉफ्टही तेच सांगते. पण नकळत भलतीच फाइल चालू होऊ नये एवढे काम ते करते, आणि कार्यालयात घात बहुधा नकळतच होतो. लहान उद्योगाचा आक्षेप अधिक रास्त आहे: संगणकवाला रोज येत नाही, बिले मात्र आजच निघायला हवीत. पण ‘लोकल इंट्रानेट’ची ती यादी एकदाच, काही मिनिटांत भरता येते. उलट बाजूची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. जून 2017 मध्ये ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅमने जहाजवाहतुकीतल्या मर्स्क समूहाला ग्रासले आणि जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधली त्रुटी आणि संगणकांतून चोरलेले पासवर्ड, या दोन्ही वाटांनी तो पसरला. त्रुटीवरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. पण प्रशासकाचा पासवर्ड हाती लागला की दुरुस्ती केलेले संगणकही त्याच्या तावडीत सापडत. ज्या बंदराने जालन्याजवळ ड्राय पोर्ट उभारायला घेतले, तेच हे बंदर. म्हणून जालन्यातल्या उद्योजकांना विनंती आहे: स्क्रिप्ट अडली की आधी एररची ओळ पूर्ण वाचून घ्या, आणि शेअरवर ‘एव्हरीवन’ला दिलेला ‘फुल कंट्रोल’ आजच काढा.