पत आणि पाटी

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन लाभले. परमुलखातील हळकुंडे तिच्या नावाने विकणे हा केवळ कायद्याचा भंग नव्हे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे अतिचार सांगताना खोट्या मापांच्या जोडीनेच ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सलाच्या नावे नकली खपविणे, गणले आहे.

याच दोषाचे दुसरे रूप म्हणजे ‘दुकान बंद करणे आहे’ ही वर्षानुवर्षे टांगलेली पाटी. येथे माल खरा असेल, पण अडचण बनावट असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु मोठा दंड पुढे भोगावा लागतो. उद्या खरोखर संकट आले, तर त्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

खरी अडचणही चव्हाट्यावर मांडू नये. भावाभावांतील वाटणीचा वाद घरातल्या कोणी साताऱ्याच्या पेठेत बोलून दाखविला, की उधारीवर माल देणारे एकाच वेळी वसुलीस येतात आणि तरण्याजोगी पेढीही बुडते. सत्यव्रताच्या अतिचारांत ‘रहोभ्याख्यान’, म्हणजे एकांतातील गोष्ट उघड करणे, यालाही स्थान आहे ते उगीच नव्हे.

मात्र मौन म्हणजे लपवाछपवी नव्हे. ज्यांचे पैसे गुंतले आहेत, त्या बँकेस व धनकोस हप्ता थकण्यापूर्वीच, हिशेबाच्या वह्यांसह, खरी स्थिती सांगावी. मुदत वाढवून मिळण्याची वाट तेथूनच निघते.