बंद झाल्यावर जे उरते
बेंगळुरूतील मारतहळ्ळीच्या पश्चिमेस असलेल्या एचएएल विमानतळावरील नियमित प्रवासी वाहतूक मे 2008 मध्ये, देवनहळ्ळीचे नवे विमानतळ सुरू होताच, बंद झाली; तथापि तेथील धावपट्टी लष्करी व चाचणी-उड्डाणांसाठी आजही राबते आहे. येथील संगणक-अभियंत्यांच्या नित्य परिचयाचे, पीटर लँडिन यांनी 1964 साली नामकरण केलेले ‘क्लोजर’ हेही याच जातीचे असून, बाहेरच्या फंक्शनचे काम समाप्त झाले तरी आतले फंक्शन त्याची चले आपल्यापाशी जतन करून ठेवते. तेराव्याचे विधी उरकले तरी दिवंगताची आठवण घरात नांदते, आणि ती नांदावीच. परंतु ऋणाच्या बाबतीत असा अवशेष जाचक ठरतो, कारण शेवटचा हप्ता फिटूनही गावाकडील सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा दप्तरी कमी होईपर्यंत जमिनीचा व्यवहार निर्वेध होत नाही. गृहकर्जाच्या संपूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत मूळ दस्तऐवज परत करणे, आणि स्वतःच्या कसुरीने विलंब झाल्यास दररोज 5,000 रुपये भरपाई देणे, रिझर्व्ह बँकेने 1 डिसेंबर 2023 पासून बँकांवर बंधनकारक केले आहे. म्हणून वाचकांस आग्रहाची विनंती, की दस्तऐवज हाती येऊन बोजा उतरल्याची नोंद प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज कोणतेही कर्ज निकालात निघाले असे मानू नये.